‘डिलक्स’ म्हणजे किती खाटा?

हातात काम असेल तर ते चालू द्या. कान तेवढे इकडं असू द्या.

आज मी यात्रेबद्दल बोलणार आहे. दर्शन कसं झालं ते प्रत्येक बाई घरी येऊन सांगतेच. रात्री कुठं झोपलो, कशी झोपलो, दाराला कडी होती का, हे मात्र कुणी सांगत नाही. देवाच्या दारी जाऊन आल्यावर खाटेची आणि संडासाची गोष्ट काढायची आपल्याला लाज वाटते. पण पैसे तर आपण खाटेचे आणि संडासाचेही मोजलेले असतात. म्हणून आज त्याच मुक्कामाचं बोलू.

आमच्या दोन गटांतल्या अठरा बाया नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळला गेलो होतो. मनमाडहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सुनौलीची सरहद्द ओलांडून लुंबिनी, मग पोखरा आणि शेवटी काठमांडू. आमच्यात काहीजणींची ओढ लुंबिनीकडं होती. भगवान बुद्ध इथं जन्मले असं सम्राट अशोकानं दगडी खांबावर कोरून ठेवलेलं तिथं डोळ्यांनी पाहता येतं. काहीजणींची ओढ पशुपतिनाथाकडं होती. दोन्ही एकाच सहलीत होत होतं, म्हणून अठराजणी जमल्या.

पैसे कसे जमवले ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन वर्षं महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले. कुणी शिवणकामाचे टाकले, कुणी शेळी विकली. माणशी २१,५०० रुपये झाले, अठराजणींचे मिळून ३ लाख ८७ हजार. शिवाय घरच्यांना समजावणं वेगळंच. त्याच वर्षी २३ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस नेपाळात मर्स्यांगदी नदीत कोसळली होती. वरणगाव, भुसावळकडची पंचवीसहून जास्त माणसं त्यात गेली. आमच्या घरोघरी ती बातमी ताजी होती. ‘नकोच जाऊ’ म्हणणाऱ्यांचं चूक नव्हतं. त्यातून आम्ही निघालो होतो.

सहल काढणाऱ्या कंपनीचं नाव मी घेणार नाही, हॉटेलचंही नाही. नाव घेऊन तुमचा फायदा नाही. ती कंपनी नाही तर दुसरी कुणीतरी तसंच बोलेल. कसं बोलतात ते ओळखायला आलं पाहिजे.

पत्रकावर छापलं होतं: ‘काठमांडू येथे डिलक्स हॉटेलमध्ये तीन रात्री मुक्काम, एका खोलीत तिघी, चोवीस तास गरम पाणी, पशुपतिनाथ मंदिर जवळच.’ पत्रक आम्ही जपून ठेवलं होतं. गटाच्या सचिव ताईंची सवयच आहे, कागद म्हणला की फाईलला लावायचा.

काठमांडूला पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. हॉटेलात अठराजणींना चार खोल्या दिल्या, चौथ्या मजल्यावर. दोन खोल्यांत पाच-पाच, दोन खोल्यांत चार-चार. लिफ्ट नाही. आमच्यातल्या एका काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना दोघींनी धरून चढवलं. गाद्या दमट होत्या, पांघरुणाला कुबट वास येत होता. नळ सोडला तर बर्फासारखं पाणी. तिकडं गरम पाण्याला ‘तातो पानी’ म्हणतात, आणि त्यांची लिपीही आपल्यासारखीच, म्हणून भिंतीवरची पाटी आम्हाला वाचता येत होती. पाटीवर तातो पानी होतं, नळाला नव्हतं.

हे सगळं एखाद्या रात्री सोसता येतं. आपण बाया त्याहून वाईट जागी झोपलेल्या आहोत. पण एका खोलीच्या दाराला आतून कडीच नव्हती. कडीच्या जागी दोन भोकं होती. खाली कुठल्यातरी लग्नाची पार्टी चाललेली, जिन्यात पुरुषांची ये-जा. त्या खोलीतल्या पाचजणींनी सगळ्या बॅगा दाराला टेकवल्या आणि दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून रात्र काढली. जिला पहाटे पशुपतिनाथाच्या रांगेत उभं राहायचं होतं, ती रात्रभर दाराकडं बघत बसली.

सकाळी आमच्यात वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, ‘यात्रेत हाल व्हायचेच. देवाच्या दारी तक्रार करायची नाही, त्यानं पुण्य जातं.’ त्यावर आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आक्का बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की वाट चढताना पाय दुखले तर ते देवाचं. थंडी वाजली तर ते ऋतूचं. पण दाराची कडी कुणीतरी बसवली नाही, तिचे पैसे कुणीतरी वाचवले. ते हाल देवाच्या नावावर कशाला घालायचे? मग सगळ्यांना पटलं.

आम्ही काय केलं ते आता क्रमानं सांगते. हेच आज तुमच्या कामाचं आहे.

पहिलं, फोटो काढले. कडीच्या जागेचा, गाद्यांचा, एका खोलीत टाकलेल्या पाच अंथरुणांचा. एकीनं नळाखाली हात धरून व्हिडिओ काढला आणि तारीख-वार बोलून ठेवला.

दुसरं, वहीच्या कागदावर मराठीत लिहून काढलं. काय सांगितलं होतं, काय मिळालं, कितीजणींना किती खोल्या. अठराजणींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे. तो कागद कंपनीच्या सोबत आलेल्या माणसाला दिला आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाला’ म्हणून त्याची सही घेतली. तो आधी देईना. अठरा बाया भोवती उभ्या राहिल्यावर दिली.

तिसरं, हॉटेलच्या मालकिणीशी बोललो. तिकडं तिला साहुनी म्हणतात. आम्ही तावातावानंच गेलो होतो. तिनं शांतपणे रजिस्टर पुढं केलं. कंपनीनं आमच्यासाठी चारच खोल्या घेतल्या होत्या, आणि त्याही सगळ्यात स्वस्त, गिझर नसलेल्या. पहिल्या मजल्यावर गिझरच्या, चांगल्या कड्यांच्या खोल्या होत्या. त्यांचे पैसे कुणी भरलेच नव्हते. कडीचा दोष तिचा होता आणि तो तिनं दुपारपर्यंत सुतार बोलावून दुरुस्त केला. पण बाकीची काटछाट काठमांडूत झालेली नव्हती. ती आपल्या शहरातल्या ऑफिसात, आपल्याच भाषेत पत्रक छापणाऱ्या माणसानं केली होती.

मैत्रिणींनो, हे नीट लक्षात घ्या. परमुलखात गैरसोय झाली की आपला राग समोरच्या माणसावर निघतो. खोली झाडणाऱ्या बाईवर, चहा आणणाऱ्या पोरावर. पण त्यांना तुमच्या पैशातले किती मिळाले ते आधी विचारा. राग योग्य पत्त्यावर गेला पाहिजे.

चौथं, आम्ही पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या पुढच्या दोन रात्रींसाठी स्वतःच्या पैशानं घेतल्या. खोलीचे एका रात्रीचे १,५०० नेपाळी रुपये. म्हणजे एकूण ६,००० नेपाळी. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १.६० रुपया, हा दर ठरलेला आहे. तर आपले ३,७५० रुपये झाले. त्याचं पक्कं बिल घेतलं. बिलावर साल होतं २०८१. बायांना वाटलं चुकीचं लिहिलं. पण तिकडं सरकारी कामकाज विक्रम संवतानं चालतं. म्हणून साहुनीकडून त्याच बिलावर इंग्रजी तारीखही लिहून घेतली. परत आल्यावर तिचा उपयोग झाला.

घरी आल्यावर ‘झाली ना हौस?’ असं प्रत्येकीनं ऐकलं. खरी भीती पैशाची नव्हती. एकदा बायांची सहल फसली असं गावात झालं, की पुढची दहा वर्षं कुणाच्या सुनेला, कुणाच्या लेकीला बाहेर पडू देत नाहीत. म्हणून गप्प बसायचं नाही असं बैठकीत ठरलं आणि ठराव इतिवृत्तात लिहिला.

आम्ही कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथं दोन उत्तरं मिळाली. एक, ‘हॉटेल परदेशातलं, आमचा काय संबंध?’ दुसरं, ‘पत्रकाच्या मागं अट आहे. सांगितलेलं हॉटेल नाही मिळालं तर तत्सम हॉटेल देऊ.’

या दोन्ही उत्तरांना उत्तर आहे. नेपाळातल्या हॉटेलवर इथून दावा लावत बसणं आपल्याला झेपणारं नाही, हे खरं. पण आपण पैसे हॉटेलला दिलेच नव्हते. पैसे दिले इथं, या शहरात, या कंपनीला. खोलीचं वचन तिनं दिलं. ते पुरं करायची जबाबदारी तिची. आणि ‘तत्सम’ या शब्दानं हॉटेलचं नाव बदलता येतं, सहा खोल्यांच्या चार करता येत नाहीत.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ मध्ये आला. नवा कायदा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. नव्या कायद्यात एक मोठी सोय आहे. तक्रार करणारी व्यक्ती जिथं राहते किंवा काम करते, तिथल्या जिल्हा आयोगात तिला तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, आपला जिल्हा आपल्याला पुरतो. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. अनेकजणींची तक्रार सारखीच असेल तर आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांच्या वतीनं एकत्र तक्रार करता येते. मुदत आहे दोन वर्षांची, त्यामुळं ‘बघू पुढं’ म्हणून फाईल कपाटात टाकायची नाही. आणि मागूनही बिल किंवा पावती न देणं ही या कायद्यानं अनुचित प्रथा ठरते. ‘ताई, घरचंच आहे, पावती कशाला?’ म्हणणारा माणूस घरचा नसतो.

आयोगात जाण्याआधीही एक पायरी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, नंबर १९१५. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आम्ही तिथं तक्रार नोंदवली, नोंदणी क्रमांक वहीत लिहून घेतला. मग कंपनीला स्पीड पोस्टनं पत्र पाठवलं. सोबत पत्रक, पावत्या, फोटो, सह्यांचा कागद आणि साहुनीच्या बिलाची झेरॉक्स. पत्रात लिहिलं की पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. मूळ कागद आमच्याकडंच ठेवले. मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही, हे पाठ करून ठेवा.

बाराव्या दिवशी फोन आला. दोन बैठका झाल्या. शेवटी जादा खोल्यांचे ३,७५० रुपये आणि माणशी २,००० रुपये, असे मिळून ३९,७५० रुपये त्यांनी गटाच्या खात्यावर चेकनं दिले. ‘आमची काही तक्रार उरली नाही’ असं आधी लिहून मागत होते. आम्ही म्हणालो, चेक वटू द्या, मग लिहून देतो. काहीजणींना वाटत होतं आयोगात जावं, जास्त मिळाले असते. असेलही. पण सगळ्यांचं मत घेतलं आणि बहुमतानं मिटवलं. त्या पाचजणींची झोप कुणी परत दिली नाही. ती चेकनं मिळत नाही.

आता यातून पुढं जाणाऱ्या गटांसाठी एक साधी गोष्ट. तुम्ही गटाच्या वहीत ‘यंदा बचत बऱ्यापैकी झाली’ असं कधी लिहिता का? नाही. किती रुपये, किती पैसे, असं लिहिता. मग मुक्कामाच्या कागदावर ‘डिलक्स’, ‘उत्तम’, ‘घरगुती’, ‘जवळच’ हे शब्द का चालवून घ्यायचे? ‘डिलक्स’ या शब्दाला माप नाही. ज्याच्या तोंडात येईल तो म्हणतो. म्हणून अशा प्रत्येक शब्दाचा आकडा करून घ्यायचा. डिलक्स म्हणजे एका खोलीत किती बाया आणि किती खाटा? जवळच म्हणजे किती किलोमीटर? चोवीस तास गरम पाणी म्हणजे खोलीत गिझर की खालून बादली? कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे की नाही? संडास खोलीत की बाहेर, भारतीय की कमोड? दाराला आतून कडी? हॉटेलचं नाव, गाव आणि फोन? हे सगळं कंपनीच्या कागदावर, शिक्क्यासह लिहून मागायचं. जो माणूस खरं देणार आहे त्याला लिहायला जड जात नाही.

यावर्षी आमच्या शेजारच्या गटानं हीच यादी घेऊन तीन ठिकाणी विचारलं. दोघांनी टाळाटाळ केली. तिसऱ्यानं दर माणशी १,२०० रुपये जास्त सांगितला, पण सगळं लिहून दिलं. त्यांनी तिसरा धरला. स्वस्त मुक्काम मिळू नये असं मी म्हणत नाही. आपल्याला स्वस्तच परवडतं. साधी खोली साधीच असू द्या. पण साधी आहे असं आधी सांगा, आणि कडी लावा.

नेपाळला जाणाऱ्यांसाठी आणखी चार गोष्टी. आपल्याला तिकडं व्हिसा लागत नाही, पण ओळखीचा कागद लागतो. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. नुसत्या आधारवर निघू नका. ते ६५ वर्षांवरच्यांना आणि १५ वर्षांखालच्या लेकरांनाच चालतं. दुसरं, आम्ही गेलो तेव्हा आपल्या १०० रुपयांवरच्या नोटा तिकडं चालत नव्हत्या. हे नियम बदलत असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्या. तिसरं, आपला मोबाईल तिकडं रोमिंग केल्याशिवाय लागत नाही. गटात निदान तिघींचे फोन चालू हवेत. चौथं, सगळ्यांच्या नावांची यादी, हॉटेलांचे पत्ते आणि काठमांडूच्या भारतीय दूतावासाचा फोन, याची एक प्रत घरी आणि एक गटाच्या अध्यक्षांकडं ठेवा. ८ आणि ९ सप्टेंबर २०२५ ला काठमांडूत मोठं आंदोलन पेटलं, जाळपोळ झाली, विमानतळ बंद झाला. अशा वेळी आपली बाई कुठं आहे हे घरच्यांना एका फोनवर कळलं पाहिजे.

जाता जाता आपल्या दाराशी असलेलीही एक गोष्ट बोलते. आपलं हर्सूल अजिंठ्याच्या रस्त्यावर आहे. अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, तेव्हापासून कुठकुठल्या देशांची माणसं आपल्या दारावरून जातात. त्यांच्यातही आपल्यासारखे मोजके पैसे घेऊन आलेले असतात. जपानहून, श्रीलंकेहून, थायलंडहून लेणी बघायला आलेली एखादी बाई आपल्या शहरातल्या स्वस्त लॉजवर उतरते, तेव्हा तिच्या दाराला कडी असते का? तिच्या लेखी ते परदेशातलं हॉटेल असतं आणि ती साहुनी आपल्यापैकीच कुणीतरी असते. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं आहे. बायांनी घरात पाहुण्यांची सोय करावी, पर्यटनाचा धंदा करावा, यासाठी त्यात मदत आहे. जिल्ह्याच्या पर्यटन कार्यालयात चौकशी करा. ज्या गटाला असा धंदा करायचा आहे त्यांनी हीच यादी भिंतीला लावावी. खाटा किती, पाणी कसं, कडी घट्ट आहे का. जे आपण मागतो ते आपल्याला देताही आलं पाहिजे.

तर बायांनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. तुमच्या गटात कोण कुठं जाऊन आली, मुक्कामाला काय मिळालं, ते लाज न धरता बोला आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. १९१५ हा नंबर त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा. जिला वाचता येत नाही तिला तोंडपाठ करून द्या: एकोणीसशे पंधरा. आणि जायचं थांबवू नका. लुंबिनीचा तो खांब आणि पशुपतिनाथाची पहाटेची आरती आम्ही पाहिली, ती आमच्या मुली-सुनांनीही पाहावी असं आम्हा अठराजणींना वाटतं.